महादूने थांबवलेली गाडी

धामणकर नाक्यावर महादू कोट घालून उभा होता.

ज्या माणसाने उभ्या जन्मात खाकी अर्धी चड्डी आणि पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिकचा कागद यापलीकडे पोशाख केला नाही, तो महादू तरे मेल्यानंतर आठव्या दिवशी निळा कोट आणि लाल टाय लावून बारा फुटी बॅनरवर चढला होता. कोट दुसऱ्याच कुणाचा, खांदेही दुसऱ्याचे. डोकं तेवढं महादूचं, आणि तेही आधार कार्डावरून उचललेलं, त्यामुळे जरा भेदरलेलं. त्याच्या मागून पांढरीशुभ्र, टोकदार तोंडाची एक गाडी सुसाट येत होती. महादू नोकरीला होता तेव्हा ही गाडी जन्मालाही आली नव्हती. पण बॅनर छापणाऱ्याकडे तीच होती.

केसरीनाथ केणे दुधाची पिशवी हातात धरून रिक्षा स्टँडच्या कडेला थांबला आणि चष्मा पुसून वाचू लागला. 'रेल्वेचे धडाडीचे अधिकारी, १९८९ साली प्राणांची बाजी लावून गाडी थांबवणारे, हजारो प्रवाशांचे प्राणदाते कै. महादू बाळू तरे यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली दशक्रियेचा दिवस, शेलार गावचा नदीकाठ, महाराजांचं प्रवचन. त्याखाली शोकाकुल म्हणून महादूच्या मुलाचा, रामनाथचा फोटो. शोक मोठा असावा, कारण फोटो बापाच्या फोटोपेक्षा मोठा होता.

"चाचा, साइड में हो जाव, सवारी बिठाना है," रिक्षावाला म्हणाला.

केसरीनाथ हलला नाही. 'अधिकारी' हे त्याने पोटात घातलं. मेलेल्या माणसाला दोन बढत्या जास्त मिळाल्या तर कुणाच्या बापाचं काय जातं? हजारो प्रवासीही त्याने सोडून दिले. त्या गाडीला डबे होते पाच, त्यातले तीन रिकामे, आणि उरलेल्या दोनांत माणसांपेक्षा सुक्या मासळीच्या टोपल्या जास्त. पण 'गाडी थांबवणारे' या शब्दांपाशी त्याचे डोळे अडकले ते सुटेनात, कारण ती गाडी महादूने थांबवली नव्हती. ती केसरीनाथने थांबवली होती. महादू तेव्हा करंजाच्या झाडाखाली झोपला होता.

दोघे रेल्वेत एकाच महिन्यात लागले, एकाच गँगमध्ये. खडी भरायची, रूळ आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या हातोडीने ठोकायच्या, ठोक्याच्या आवाजावरून ढिली कुठली आणि घट्ट कुठली ते ओळखायचं. मे महिन्यात रूळ तापतात, फुगतात आणि एखाद्या वेळी वाकडे होतात, म्हणून भर दुपारची गस्त असे. अर्धी हद्द याची, अर्धी त्याची. दोघांनी आपापल्या टोकाहून निघायचं, मधल्या मोरीवर, म्हणजे रुळांखालच्या छोट्या पुलावर, भेटायचं आणि गस्तीच्या वह्या बदलायच्या. माझी वही तुझ्याकडे, तुझी माझ्याकडे. म्हणजे साहेबाला कळे की दोघेही आपली हद्द पुरी चालले. समोरचा आलाच नाही तर नियम असा, की परत फिरायचं नाही. तो भेटेपर्यंत त्याच्या हद्दीत चालत राहायचं.

त्या दुपारी महादू मोरीवर आला नाही. आदल्या रात्री त्याच्या मेहुणीची हळद होती, आणि आमच्याकडच्या रात्रभर दारू आणि नाच चालणाऱ्या हळदीतून उठून माणूस दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर झाला यातच त्याचं कौतुक करायला हवं. केसरीनाथने अर्धा तास वाट बघितली आणि मग नियमाप्रमाणे महादूच्या हद्दीत चालू लागला. नियमात नसलेल्या शिव्या मात्र त्याच्या स्वतःच्या होत्या. पाऊण मैलावर त्याला दिसलं, की रूळ हातभर बाजूला सरकून वाकडा झालाय. गाडीची वेळ वीस मिनिटांवर आली होती.

मग तो धावला. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली खडी, एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हातात फटाक्यांचा डबा. रेल्वेचे हे फटाके चपट्या डबीसारखे असतात. रुळावर बांधायचे, चाकाखाली आले की धडाड्कन उडतात आणि ड्रायव्हरला कळतं, पुढे धोका आहे. सहाशे मीटरवर एक बांधला, बाराशेवर तीन. मधे एकदा आपटला आणि खडीचा टोकदार दगड उजव्या तळहातात घुसला. तसाच उठून धावला. गाडी वाकड्या रुळापासून दोनेकशे पावलांवर धापा टाकत उभी राहिली, तेव्हा डब्यातल्या एका बाईने डोकं बाहेर काढून पहिला प्रश्न विचारला तो हा, की मासळी सडली तर भरपाई कोण देणार.

महादू सापडला करंजाखाली. त्याला हलवून उठवलं, त्याने उभी गाडी बघितली, आणि जे काय झालं असतं ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तो रडायलाच लागला. ड्युटीवर झोपला म्हणजे नोकरी गेली, आणि घरी पाळण्यात सहा महिन्यांचा रामनाथ. साहेबांची ट्रॉली रुळावरून लांबून येताना दिसत होती. केसरीनाथने झेंडा महादूच्या हातात कोंबला.

"हद्द तुजी हाय. तूच बघितलास, तूच पलालास," तो म्हणाला. "मी मोरीवर व्हतो. समजला?"

वह्या त्यांनी तिथेच, झाडाखाली, घाईघाईने बदलल्या आणि सह्या केल्या. ड्रायव्हरने लांबून फक्त घामाने न्हालेला एक खाकी चड्डीवाला बघितला होता, आणि तसे तिथे दोन होते. महादूला साहेबांच्या हस्ते सर्टिफिकेट मिळालं, शाल मिळाली, नारळ मिळाला. केसरीनाथला धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. कागदावर 'पाय घसरून पडला' असं लागलं.

केलेला उपकार विसरून जावा म्हणतात. केसरीनाथने तो कुणाला बोलून दाखवला नाही हे खरं, पण विसरला मात्र एक दिवस नाही. पस्तीस वर्षं त्याने तो जुन्या कोयत्यासारखा मनात धार लावून ठेवला होता. बायकोला, हौसाला, तेवढं सांगितलं होतं, आणि ते सांगून मोठी चूक केली असं त्याचं मत होतं.

निवृत्तीनंतर दोघे रोज संध्याकाळी नाक्यावरच्या टपरीत चहा प्यायचे. मग महादूची नात रुचिका शाळेत जायला लागली आणि महादूचं नाक्यावर येणं बंद झालं. नोकरी सुटली, पण गड्याने नवी ड्युटी लावून घेतली. शाळेची बस आली की हा तिच्या पुढे हिरवा झेंडा घेऊन उभा. त्याने झेंडा दाखवल्याशिवाय ड्रायव्हरची बस हलवायची टाप नव्हती. नातीचा झोपाळा, नातीची खाट, नातीच्या सायकलचे नट, सगळं हा रोज सकाळी हातोडीने ठोकून ऐकायचा. लोक हसायचे. केसरीनाथला मात्र हसू येत नसे. पस्तीस वर्षांचा दोस्त एका चिमुरड्या पोरीपायी चहाला मुकतो म्हणजे काय? तो येत नाही तर मी का जाऊ, म्हणून हाही गेला नाही. महादूचं शेलार म्हणजे काही लंका नव्हे, नाक्यावरून शेअर रिक्षा मिळते. पण चार वर्षं त्याला रिक्षा मिळाली नाही. महादू हॉस्पिटलमध्ये आहे हे कळलं तेव्हा त्याने ठरवलं की सोमवारी जाऊ. महादू रविवारी गेला. ते आठवलं की केसरीनाथला घास उतरत नसे, आणि तसं कबूल करण्यापेक्षा महादूवर चिडणं त्याला सोपं जाई.

बॅनर बघितला त्याच संध्याकाळी रामनाथ घरी आला. अंबाडीच्या रस्त्यावर याच्या गोडाऊनचे सहा गाळे. गळ्यातली चेन आता मुंडण केलेल्या डोक्यामुळे जास्तच उठून दिसत होती.

"काका, दशक्रियेला तुम्ही दोन शब्द बोलायचे. नगरसेवक आहेत, सभापती आहेत, पण गाडीच्या प्रसंगाचे साक्षीदार तुम्ही एकटेच."

"तुला कोनी सांगितला गाडीचा?"

"सर्टिफिकेट सापडलं ना! ट्रंकेत, एकदम तळाला, पेपरात गुंडाळून. बाबांचा स्वभावच तसा, कधी मिरवलं नाही. पण रुचिकाला रोज झोपताना हीच गोष्ट सांगायचे. गाडी थांबवली त्याची. पोरीला तोंडपाठ आहे."

"आनि त्या गोष्टीत मी कुटं व्हतो?" केसरीनाथने जपून विचारलं.

रामनाथचा फोन वाजला. "असणारच की काका, तुम्ही दोघं बरोबरच होतात," असं म्हणत तो उठला, आणि मंडपवाल्याशी बोलत जिना उतरून गेला.

हौसा भिंतीआडून ऐकत होती. ती बाहेर आली.

"आख्ख्या जल्मात येक काम केलास," ती म्हणाली, "ता पन दुसऱ्याच्या नावावर. तो मेला सुटला. तू तरी आता त्वांड उघड."

"मेलेल्या मानसाचा काय काडायचा, हौसा?"

"मेलेल्याचा नको काडू. जित्याचा सांग. तुज्या नातवाला म्हायती हाय, आजा काय करत व्हता ते?"

भाविक, त्यांचा नातू, कानात वायर घालून समोरच बसला होता. त्याला विचारलं असतं तर 'रेल्वेत काहीतरी' असं म्हणाला असता, आणि तेही बरोबर होतं. केसरीनाथने दोनदा त्याला ती गोष्ट सांगायला घेतली होती. पहिल्यांदा तो मोरीपर्यंत पोचला, दुसऱ्यांदा मोरीच्याही अलीकडे राहिला. आणि तिकडे महादूने ती रोज सांगितली. चोरलेली गोष्ट, रोज, ऐकणाऱ्या नातीला! सर्टिफिकेट मी दिलं ते दिलं, ते पोटासाठी होतं. पण गोष्ट मी दिली नव्हती, असं केसरीनाथ त्या रात्री छताला सांगत राहिला. सकाळी उठला तो ठरवूनच. माइक हातात आला की खरं काय ते सांगायचं. एकदाच, सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावानिशी.

कामवारी नदीच्या काठाला मंडप भरला होता. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे निम्मा विधी आणि निम्मी सभा. पाण्याजवळ भटजी पिंड मांडतात, मागे महाराजांचं प्रवचन चालतं, आणि मधे निवेदक कागद घेऊन आलेल्या पुढाऱ्यांची नावं वाचतो. कुणाचं राहिलं तर त्या घरात दुसरी दशक्रिया घालायची पाळी येते. कावळा मात्र मानापमानाच्या भानगडीत पडला नाही. पिंड ठेवला आणि तो वाटच बघत असल्यासारखा झेपावला. "काही इच्छा राहिली नाही माणसाची," लोक म्हणाले. केसरीनाथ मनात म्हणाला, राहील कशी? दुसऱ्याचीसुद्धा घेऊन गेला.

तेवढ्यात त्याच्या समोर एक मुलगी येऊन उभी राहिली. दहा वर्षांची, दोन वेण्या, आणि मांडीला घासत लोंबणारी एक जुनी रेल्वेची हातोडी हातात.

"तुम्हीच का केसरी आजोबा?"

"होय. तू रुचिका ना?"

"उजवा हात दाखवा."

केसरीनाथने मुकाट्याने हात पुढे केला. तिने तळहातावरचा पांढरा वण बघितला, त्यावर बोट फिरवलं, आणि तोंड उघडणार तोच तिच्या आईने हाक मारून तिला बायकांत नेऊन बसवलं. जाताना ती मागे वळून बघत होती. आजोबावर गेली, केसरीनाथला वाटलं. दिसेल ते हात लावून बघायचं. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काय बोलायचं ते आपण विसरत चाललोय, आणि तो पुन्हा मनात वाक्यं जुळवू लागला.

नगरसेवक बोलले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे महादूशेठ त्यांना बापासारखे होते; महादूचं नाव ते दोनदा चुकले. सभापतींनी रेल्वेच्या प्रगतीवर दहा मिनिटं घेतली. रामनाथने 'माझे बाबा अधिकारी असूनही साधे राहिले' असं सांगितलं आणि खरंच रडला. रडणं खोटं नव्हतं. खोटेपणाच्या मधोमध माणसाला खरं रडू येतं हे केसरीनाथने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि त्याला त्या पोराची दया आली.

"आता त्या थरारक प्रसंगाचे साक्षीदार, श्रीयुत केसरीनाथजी केणे!"

माइक हातात आला. समोर दोन-अडीचशे माणसं. हौसा बायकांत, पदर खोचून, 'बोल' अशी मान करून बसलेली. आणि सगळ्यांच्या पुढे रुचिका, हातोडी मांडीवर आडवी धरून, डोळे त्याच्यावर लावून. तिच्यासारखं त्याच्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं. भाविकने तर नाहीच.

"मे महिना व्हता," केसरीनाथ म्हणाला, आणि थांबला.

एक वाक्य बोलायचं होतं. गाडी मी थांबवली. पण ते वाक्य त्या मुलीच्या डोक्यावर पडणार होतं. आजोबा जाऊन दहा दिवस झालेले. रोज रात्री सांगितलेली एवढी एक गोष्ट तिच्याजवळ उरलेली. आणि आपण सत्तरीच्या वयात तीही हिसकावून घेणार? कशासाठी? सभापतींनी मान डोलवावी म्हणून? केसरीनाथचा सगळा राग त्या दोन वेण्यांपुढे विरघळला. त्याचं मन मोठं झालं. मन मोठं झालं की माणूस काय करून बसेल त्याचा नेम नसतो.

"महादूने रूळ बघितला," तो म्हणाला, "आनि महादू पलाला."

आणि मग तो बोलत सुटला. ऊन सांगितलं, खडी सांगितली, सहाशे मीटरवरचा एक फटाका आणि बाराशेवरचे तीन सांगितले. पडून पुन्हा उठणं सांगितलं. पस्तीस वर्षं घशात अडकलेली गोष्ट अशी घडाघडा बाहेर आली की शेवटच्या रांगेतले तंबाखू मळणारे हातसुद्धा थांबले. पळणारा माणूस तेवढा त्याने बदलला. कुणीतरी मधेच विचारलं, "आनि तुमी कुटं व्हता, काका?" तेव्हा तो क्षणभर अडला. पण उदारपणाला एकदा उतार लागला की ब्रेक कुठला!

"मी?" तो म्हणाला. "मी झोपलो व्हतो. करंजाखाली. आदल्या राती हलद व्हती."

मंडप हसला. एकाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग दशक्रिया आहे हे आठवून हात मांडीवर पुसले. महाराज म्हणाले, "याला म्हणतात मैत्री. स्वतःची चूक चारचौघांत कबूल करायला वाघाचं काळीज लागतं." केसरीनाथ खाली बसला तेव्हा त्याला इतकं हलकं वाटत होतं की हौसाच्या नजरेचंही काही वाटेना. महादू, तुझं कर्ज नव्हतं माझ्यावर, तरी फेडलं बघ, असं तो मनात म्हणाला. स्वतःच्या चांगुलपणाने त्याचे डोळे भरून आले होते.

सभा उठली, चहाची किटली फिरू लागली. केसरीनाथ बांधावर एका कडेला बसला होता. रुचिका आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. ती आशीर्वादाला वाकेल असं वाटून त्याने हात थोडा वर उचलला.

"तुम्ही खोटं का बोललात?" ती म्हणाली.

केसरीनाथचा हात तसाच राहिला.

"गाडी तुम्ही थांबवलीत. आजोबा झोपले होते."

"तुला..." त्याने हात खाली घेतला. "तुला कोनी सांगितला?"

"आजोबांनीच. रोज सांगायचे. मोरीवर वही बदलायला ते आलेच नाहीत, म्हणून तुम्ही त्यांच्या हद्दीत गेलात. पडलात, हाताला दगड लागला. मी हात बघितला ना मघाशी. सर्टिफिकेट तुमचं होतं म्हणून त्यांनी कधी भिंतीला लावलं नाही. मी पप्पांना सांगितलं, बॅनर चुकलाय. पप्पा म्हणाले, छापून झालाय, आता गप्प बस. मी गप्प बसले. म्हटलं, केसरी आजोबा येतील, ते सांगतील." तिने हातोडी मातीत आपटली. "आता मी खरं सांगितलं तरी कोण ऐकेल? तुम्हीच माइकवर सांगितलंत."

ज्याला केसरीनाथ दोन दिवस चोर म्हणत होता, तो रोज रात्री त्याचीच गोष्ट त्याच्याच नावाने सांगत होता. आणि हौसाखेरीज जगात जिला एकटीला खरं माहीत होतं, तिच्या खऱ्यावर आपण आज माती लोटली. तीही मोठं मन करून!

तो ताडकन उठला. निवेदक माइकची वायर गुंडाळत होता.

"जरा माइक दे. चुकलो मी. गाडी मी थांबवली व्हती. महादू झोपला व्हता."

निवेदकाने त्याच्याकडे बघितलं, मग रामनाथकडे. रामनाथ लगबगीने आला, त्याने केसरीनाथच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, बसा. बीपीची गोळी घेतली का? किती बोललात तुम्ही, ताण पडला."

"ताण न्हाय पडला, रामनाथ. खरा सांगतोय. तेव्हा तू पालन्यात व्हतास म्हनून..."

"हो हो, मी पाळण्यात होतो," रामनाथ मायेने म्हणाला आणि शेजारच्याला हळूच बोलला, "बाबांच्या जाण्याने फार हलले आहेत. काकांना चहा द्या. साखर कमी."

नगरसेवकाला सांगून बघितलं. तो म्हणाला, आता फिरवू नका काका, मघाशी फार सुंदर बोललात. महाराजांना सांगितलं, महाराज म्हणाले, अहंकार असा शेवटच्या क्षणी उसळतो, नाम घ्या. पस्तीस वर्षांपूर्वी एका झाडाखाली दोन सह्यांनी जे खोटं लिहिलं गेलं होतं, त्यावर आज अडीचशे माणसांचा शिक्का पडला होता. हौसा लांबून बघत होती. ती काही बोलली नाही, आणि लग्नापासून आजवर तिच्या न बोलण्याची त्याला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

तो परत बांधावर आला. रुचिका तिथेच बसून हातोडीने एक दगड ठोकत होती. ठोकायची, कान देऊन ऐकायची, पुन्हा ठोकायची. केसरीनाथ गुडघे धरत तिच्या शेजारी बसला.

"चुकलो, बाय," तो म्हणाला. "मला वाटला, तुज्या आजोबानी तुला उलटा सांगितला असंल."

"आजोबा कशाला उलटं सांगतील?"

केसरीनाथ तिच्याकडे वळला. "कशी सांगायचा तो? मला सांग ना. मला कदी कोनी सांगितली न्हाय ती."

तिने जरा विचार केला. मग हातोडी खाली ठेवली आणि सांगू लागली. आवाज तिचा, पण थांबायच्या जागा सगळ्या महादूच्या. मे महिना होता. मोरीवर केसरी उभा. त्याने अर्धा तास वाट बघितली, मग तो आजोबांना शिव्या देत निघाला. शिव्या कुठल्या ते आजोबा सांगत नसत, मोठी झालीस की सांगेन म्हणायचे. खडी इतकी तापली होती की केसरीच्या चपलांचा वास सुटला. पडला, पण झेंडा खाली पडू दिला नाही. मग फटाके वाजले, एक, दोन, तीन.

"आणि झाडाखाली आजोबा अर्धवट जागे झाले," ती म्हणाली, "आणि त्यांना वाटलं, नवऱ्याची वरात आली. ते कूस बदलून परत झोपले."

केसरीनाथ फस्सकन हसला. हे त्याला महादूने कधी सांगितलं नव्हतं. पस्तीस वर्षं दोस्ताने हे लपवून ठेवलं होतं, लाजेने. तो हसत राहिला, हसता हसता त्याला चष्मा काढावा लागला, आणि सोमवारी जाऊ म्हणून न गेलेला तो सोमवार त्याच्या छातीवर येऊन बसला.

"मग? शेवटाला काय म्हनायचा?"

"मी रोज विचारायचे, खरंच झालं होतं का असं? माणूस गाडीच्या पुढे पळतो का?" रुचिका म्हणाली. "मग आजोबा म्हणायचे, खोटा वाटतंय तर केसरीला इचार. सगला जग खोटा बोलंल, पन केसरी न्हाय बोलनार."

पलीकडून रामनाथ हाका मारत होता, काका, चहा थंड होतोय. केसरीनाथने उजवा हात उघडा करून मांडीवर ठेवला होता, आणि त्यावरच्या पांढऱ्या वणाकडे तो बघत बसला.